एकटीनं पाहिलेला पक्षी

हरणाबाई रोकडे सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. बरण्या पुसायच्या, ट्रे धुवायचे, प्रात्यक्षिकाआधी टेबलं मांडायची, हे त्यांचं काम. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत काचेची दोन उंच कपाटं होती आणि त्यांत पेंढा भरलेले त्र्याऐंशी पक्षी उभे होते. दर शनिवारी मऊ ब्रशानं त्यांची धूळ काढायची, पिसांना कसर, म्हणजे ती बारीक कीड, लागलीय का बघायचं, पायाची चिठ्ठी फाटली असेल तर तीच अक्षरं नव्या चिठ्ठीवर उतरवायची. हरणाबाईंनी हे वीस वर्षं केलं. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी नावं आधी चित्रासारखी गिरवली, मग वाचता यायला लागली, मग पाठच झाली. कुणाची चोच किती लांब, कुणाच्या पंखाखाली पांढरं आणि कुणाच्या राखी, हे त्या कपाटाकडे पाठ करून सांगायच्या. परीक्षा जवळ आली की मुलं सरांच्या आधी त्यांना गाठायची.

सांगलीत पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष हंबीरराव, साखर कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मंडळाची एक जाडजूड नोंदवही होती. सहलीत दिसलेला प्रत्येक पक्षी तिच्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि बघणाऱ्याचं नाव घालून लिहिला जायचा, आणि ते लिहायचा अधिकार फक्त हंबीररावांना होता. दर वर्षी मार्च महिन्यात मंडळ कोकणात जायचं. सकाळची एस.टी. धरून कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि पुढे खाडीच्या तोंडाशी वाघखार नावाचं एक लहानसं गाव. थंडीत उत्तरेकडून आलेले किनाऱ्यावरचे पक्षी तेव्हा परतायच्या तयारीत असतात. काहींचा रंग बदलायला लागलेला असतो. घाटात पळस आणि सावर लालभडक झालेले, खाली उतरलं की अंजनीच्या फांद्यांना निळा मोहर, आणि वाळूवर मर्यादवेलीची जांभळी फुलं थेट भरतीच्या रेषेपर्यंत पसरलेली.

हरणाबाई आठ वर्षं या सहलीला जात होत्या, स्वतःची रजा टाकून. मंडळाला टेलिस्कोपचा जड स्टँड उचलायला आणि चहा-पोहे करायला माणूस हवं होतं. हरणाबाईंना पक्षी जिवंत बघायचे होते. सभासदांच्या यादीत मात्र त्यांचं नाव नव्हतं, आणि घालावं असं आठ वर्षांत कुणाला सुचलंही नव्हतं.

त्यांचं माहेर पाटणजवळचं. एस.टी. पाटणला थांबली की त्यांची आई येसूबाई स्टँडवर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन उभी असायची. बाकीचे सभासद झुणका-भाकर मिटक्या मारत खायचे. हंबीररावांचा मात्र नेमका त्या दिवशी उपास असायचा, आणि चिपळूण आलं की तो सुटायचा. येसूबाईंच्या ते पहिल्याच वर्षी ध्यानात आलं होतं. तरी दर वर्षी त्या त्यांच्यासाठी दोन भाकऱ्या मोजून जास्त आणायच्या.

एकोणीसशे शहाण्णवच्या मार्चमधली सतरा तारीख. रविवार होता. समुद्रगरुडाचं घरटं बघायला सगळे सभासद सकाळीच टेकडीवर गेले. हरणाबाईंना सामान राखायला किनाऱ्यावर ठेवलं. टेलिस्कोपही टेकडीवर न्यायला अवजड, म्हणून तो स्टँडवर चढवलेलाच त्यांच्याजवळ राहिला.

ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडला होता आणि त्यात भागीरथी नावाची गावातली बाई वाकून शिंपल्या गोळा करत होती. हरणाबाई दर वर्षी तिला भेटायच्या. दोघींचं वयही सारखंच, पंचेचाळीसच्या आसपास. हरणाबाई स्टोव्ह पेटवत होत्या तेवढ्यात त्यांची नजर भागीरथीच्या पलीकडे गेली.

कुरल पक्ष्यांच्या घोळक्यात एक वेगळा पक्षी उभा होता. अंगानं पांढराशुभ्र, पाठ काळी, जशी मधोमध शाल टाकावी तशी. पाय लांब आणि राखी-निळे. चोच काळी आणि इतकी जाड की त्या अंगाला शोभत नव्हती. कपाटातल्या त्र्याऐंशीत हा नव्हता. त्यांनी स्टोव्ह तसाच सोडला आणि टेलिस्कोपला डोळा लावला.

पक्षी चार पावलं पळायचा, थबकायचा, पुन्हा पळायचा. मग झडप घालून त्यानं एक कुर्ली उचलली, चिखलावर आपटली, तिच्या नांग्या तोडल्या आणि गिळली. हरणाबाईंनी वीस मिनिटं डोळा काढला नाही. नंतर भागीरथीला हाक मारली.

“भागीरथी, त्यो बघ. काय म्हंतात त्येला तुमच्यात?”

भागीरथीनं कमरेवर हात ठेवून मान वळवली. “त्यो? कुर्लीमार. माजा बाप म्हनायचा तसा. कवातरी दिसतो. दोन-तीन वर्सांनी येकांदा.”

“नीट बघ. तोच हाय ना?”

“अगो, मी ह्या चिखलात जल्म काडला. मला काय दाखवतंस!”

टेकडीवरून मंडळी गप्पा मारत, हसत खाली आली. तो आवाज ऐकून कुरल उडाले, त्यांच्याबरोबर तोही उडाला आणि खाडीपलीकडे दिसेनासा झाला. हरणाबाई पळतच हंबीररावांकडे गेल्या. धापा टाकत त्यांनी सगळं सांगितलं. मग पिशवीतलं पक्ष्यांचं पुस्तक काढून पान उघडलं आणि चित्रावर बोट ठेवलं. क्रॅब प्लोव्हर. मंडळाच्या नोंदवहीत हा पक्षी कधीच आलेला नव्हता.

हंबीररावांनी चित्र बघितलं, मग हरणाबाईंकडे बघितलं. “कालवफोड्या बघितला असशील तू. तोही काळा-पांढराच असतो.”

“कालवफोड्याची चोच लाल असती, साहेब. कपाटात वरच्या फळीला तिसरा. वीस वर्सं पुसतीय मी त्येला. ह्याची चोच काळी, आन् अशी जाड.”

“पुस्तक उघडून चित्र दाखवायला काय, कुणीही दाखवील. तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?”

“ही भागीरथी व्हती. तिनंबी बघितला. तिला त्याचं नावसुदिक ठावं हाय.”

भागीरथी चिखलानं भरलेले हात झटकत जवळ आली होती. हंबीररावांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “मंडळाचा नियम आहे. दुर्मीळ पक्षी दोन जाणकारांनी पाहिला तरच नोंदायचा. एकट्यानं पाहिलेला धरत नाहीत. आणि हिला पक्ष्यांतलं काय कळतं?”

भागीरथीनं आपली टोपली उचलली आणि ती निघून गेली. जाताना हरणाबाईंना एवढंच म्हणाली, “त्या सायबाला इचारत बसू नको.”

चहा करायचा राहिला होता. हंबीरराव म्हणाले, “स्टोव्ह पेटलेला नाही अजून?” हरणाबाईंनी स्टोव्ह पेटवला. काडी तीनदा विझली. नियम तर नियम, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. धोंडीबा मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात तोलाई करायचा. कितीही धुतलं तरी त्याच्या नखांत हळद राहायचीच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुला खात्री हाय न्हवं?”

“माझ्या डोळ्यांची हाय.”

“मग तूच लिहून ठेव. वही काय त्यांच्याकडंच असती व्हय?”

त्याच दिवशी हरणाबाईंनी शाळेच्या शंभर पानी वहीत सगळं लिहिलं. वेळ, भरती-ओहोटी, चोच, पाय, कुर्ली कशी खाल्ली ते. खाली लिहिलं: पाहणाऱ्या, हरणाबाई रोकडे आणि भागीरथी, राहणार वाघखार. शेजारी पेन्सिलीनं पक्षीही काढला. काढायला बऱ्यापैकी जमला.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा सहलीला गेल्या. तो पक्षी पुन्हा दिसेल आणि या वेळी चारचौघांना दाखवता येईल, एवढ्या एका आशेनं गेल्या. त्या वर्षी मंडळात नवीन सभासद आले होते. भाऊसो. मूळचे विट्याचे. कोईमतूरला सोनं गाळून शुद्ध करायचा, गलाईचा मोठा धंदा करून आता मुलाच्या हाती दुकान देऊन परतले होते. माणूस मोकळा. गळ्यात परदेशी दुर्बीण, आणि पक्ष्यांचा नाद लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं. चिमणी-साळुंकीच्या पुढे अजून सगळ्यांना विचारत फिरायचे, आणि हरणाबाईंना तर दिवसातून दहादा.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी भाऊसो उजाडताना एकटेच किनाऱ्यावर फिरायला गेले. तासाभरानं धावत परतले. “हंबीरराव! आवं, लय भारी पक्षी बघितला! पांढरा, काळ्या पाठीचा, ही जाड चोच. दोन हुते. कुर्ल्या खात हुते!”

सगळे पळाले. पक्षी उडून गेले होते, चिखल रिकामा होता. हरणाबाई स्टँड खांद्यावर घेऊन सगळ्यात शेवटी पोचल्या. पोचल्या तेव्हा हंबीरराव भाऊसोंचा हात हातात घेऊन उभे होते.

“अभिनंदन, भाऊसो! क्रॅब प्लोव्हर! आपल्या मंडळाची पहिली नोंद!”

हरणाबाईंनी स्टँड वाळूवर ठेवला. त्यांना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल. आता कुणालातरी गेलं वर्ष आठवेल. तेच बारा-तेरा लोक होते. कुणी वाळूकडे बघितलं, कुणी दुर्बीण डोळ्याला लावून उगाच समुद्र न्याहाळला. हंबीररावांनी तिथंच, मर्यादवेलीच्या फुलांवर बसकण मारून, नोंदवही उघडली आणि लिहिलं.

हरणाबाईंनी स्टँड पुन्हा खांद्यावर घेतला. सांगलीला आल्यावर आठवड्याभरात एका वर्तमानपत्रात भाऊसोंचा फोटो आला, आणि त्याच रविवारी हंबीररावांच्या बंगल्याच्या गच्चीवर त्यांच्या सत्काराची सभा ठेवली. हरणाबाईंना निरोप आला: चार वाजता या, चहाचं बघायचंय.

त्या चार वाजता गेल्या. पण स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. सरळ गच्चीवर जाऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या. मांडीवर शंभर पानी वही होती.

नारळ आणि शाल देऊन झाली. हंबीररावांचं भाषण सुरू झालं तेव्हा त्या उठल्या.

“साहेब, मला एक इचारायचं हाय. एकट्यानं बघितलेला पक्षी धरत न्हाईत, असा नियम हाय न्हवं?”

हंबीरराव थांबले. “हरणाबाई, हे नंतर बोलू.”

“न्हाई, आत्ताच. गेल्या साली सतरा मार्चला मी ह्योच पक्षी बघितला. वीस मिंटं, टेलिस्कोपमधनं. माझ्यासंगं दुसरं माणूस व्हतं. तुमी म्हणाला दोन पायजेत. औंदा भाऊसो एकटेच व्हते. मग ह्यांचा कसा धरला?”

हंबीरराव कोरडं हसले. “भाऊसो सभासद आहेत. त्यांच्याकडे उत्तम दुर्बीण आहे. आणि त्यांना खोटं बोलायचं कारण काय?”

“मग मला काय कारण व्हतं?”

मागून एकजण म्हणाला, “अहो बाई, त्यांच्या सत्काराच्या दिवशी कशाला? म्हणजे तुमचं म्हणणं, त्यांनी पक्षी पाहिलाच नाही?”

हरणाबाई वळल्या. “त्यांनी बघितला. शंभर टक्के बघितला. त्यांनी जे वर्णन सांगितलं त्ये बरोबर हाय, कुर्ली खायची तऱ्हाबी बरोबर हाय. त्यांचा खरा हाय. तसाच माझा खरा हाय. मला त्यांची नोंद खोडायची न्हाई. माझी लिवा म्हंतीय मी. सतरा मार्च शहाण्णव, हरणाबाई आणि भागीरथी.”

भाऊसो खुर्चीतून उठले होते. खांद्यावरची शाल घसरून खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही. “मला कुणी बोललंच न्हाई की हे. हंबीरराव, आवं, मग पहिली नोंद ह्यांचीच की! नायतर असं करा, माझ्या नोंदीत ह्यांचंबी नाव घाला. आमी दोघांनी बघितला म्हणून लिवा.”

“न्हाई, भाऊसो,” हरणाबाई म्हणाल्या. “तवा मी तुमच्यासंगं नव्हते. जे झालं न्हाई त्ये लिवू नका. जे झालं त्ये लिवा.”

“शहाण्णवची नोंद पूर्ण होऊन सह्या झाल्यात,” हंबीरराव म्हणाले. आवाज चढला होता. “वही आता उघडता येत नाही. आणि एका परिचर बाईनं आणि एका शिंपल्या गोळा करणारीनं पाहिलं म्हणून मी लिहू लागलो, तर उद्या मंडळाला हसतील लोक.”

झालं. एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं आणि वर्षभर नियम नियम म्हणून झाकलेलं उघडं पडलं. ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी लगेच रुमाल काढून कपाळ पुसलं.

“नऊ वर्सं,” हरणाबाई म्हणाल्या, “नऊ वर्सं तुमचा स्टँड मी खांद्यावरनं न्हेला. चिखल्या कुठला, तुतवार कुठला, तुमाला शंका आली की माझ्याकडं बघायचा, आन् मी सांगितलं की वहीत तुमच्या नावानं लिवायचा. तवा परिचर बाईचं कसं चाललं? तवा न्हाई कुणी हसलं?”

त्यांनी वही उचलली आणि जिना उतरल्या. मागून भाऊसोंची हाक आली, पण त्या थांबल्या नाहीत. त्या दिवशी गच्चीवर कुणाला चहा मिळाला नाही. सत्कारमूर्तीही पाच मिनिटांत निघून गेले, आणि पुढं त्यांनी मंडळच सोडलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी हरणाबाईंना बोलावलं. हंबीररावांचा फोन आला होता. “बाई, मोठी माणसं आहेत. कॉलेजचं नाव निघतं. एक माफीची चिठ्ठी द्या, मिटवून टाकू.”

“सर, सहल कॉलेजची न्हवं. माझी रजा, माझं तिकीट. कपाटातल्या एका जरी पक्ष्याला कसर लागली असंल तर मला बोला. ह्याची माफी मी मागणार न्हाई.”

सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, “असो. जा तुम्ही.” विषय तिथं संपला, पण माफी मागा असं ते म्हणाले होते, हे हरणाबाई विसरल्या नाहीत.

मुंबईहून पक्ष्यांच्या नोंदींची एक पत्रिका निघायची, प्रयोगशाळेत तिचे अंक यायचे. हरणाबाईंनी त्यांना पत्र लिहिलं. मराठीतच लिहिलं, वहीतलं सगळं उतरवलं, पेन्सिलीचं चित्र पुन्हा काढून जोडलं. दोन महिन्यांनी उलट पत्र आलं. त्यात चार प्रश्न होते: उडताना पंखांवर काळं कुठं दिसलं, पाय शेपटीच्या मागे येत होते का, आवाज ऐकला का, जवळ दुसरे कोणते पक्षी होते. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी पक्ष्याबद्दल विचारलं होतं. त्यांनी चारही उत्तरं लिहून पाठवली. आवाज ऐकला नाही, हेही लिहिलं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात नोंद छापून आली. विद्यार्थ्यांनी अंक उघडून त्यांच्यापुढे धरला. वाघखार, जिल्हा रत्नागिरी, सतरा मार्च एकोणीसशे शहाण्णव, एक पक्षी. आणि पुढे इंग्रजीत: पाहणारे, श्री. एच. रोकडे व एक स्थानिक व्यक्ती.

हरणाबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मुलांना वाटलं त्या हसतील, पेढे आणायला पाठवतील. त्या अंक घेऊन घरी आल्या आणि सरळ लिहायला बसल्या.

धोंडीबा कामावरून आला. “आता काय झालं? छापलं न्हवं त्यांनी?”

“पुरुष केलं मला. आन् भागीरथीला कुणीच न्हाई केलं.”

“नजरचूक असंल गं.”

“दर येळी चूक आमच्याच नावात कशी व्हती? मी पत्रात चार ठिकाणी हरणाबाई लिवलंय. भागीरथीचं नाव दोन ठिकाणी. त्यांनी वाचलं नसंल असं न्हाई. बाई असंल असं वाटलंच न्हाई त्यांना.”

धोंडीबानं पाकीट आणून दिलं. दुसऱ्या दिवशी पत्र रजिस्टरनं गेलं. उत्तर आलं नाही, म्हणून पोहोच जोडून दुसरं गेलं, मग तिसरं. डिसेंबरच्या अंकात शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, दुरुस्ती आली: श्रीमती हरणाबाई रोकडे व श्रीमती भागीरथी.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये हरणाबाई नवऱ्याला घेऊन वाघखारला गेल्या. मंडळ त्याच आठवड्यात येऊन गेलं होतं. भागीरथी दारात शिंपल्या फोडत बसली होती. हरणाबाईंनी पावसाळ्यातला अंक आणि दुरुस्तीचा अंक, दोन्ही पुढ्यात ठेवून तिला वाचून दाखवले. सगळी हकीकत ऐकताना भागीरथीचा कोयता हातातच राहिला.

“स्थानिक व्यक्ती? माजं नाव लिवायला कुनाचा हात मोडला होता?”

“आता छापलंय बघ. हे तुझं नाव.”

भागीरथीनं त्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं. “आनि त्या तुज्या सायबाच्या वहीत?”

“तिथं न्हाई. तिथं अजून भाऊसोंचंच पहिलं.”

भागीरथीनं एक शिंपली फोडली, आतलं मांस वाडग्यात टाकलं. मग धोंडीबाला म्हणाली, “भावजी, तुमी बसा, मी च्या टाकते.” आणि उठता उठता हरणाबाईंकडे वळली. “पुडल्या वर्साला त्यो सायब येल ना, तवा तूबी ये. त्या चिखलात मी त्येला मदोमद न्हेऊन उभा करते, आनि इचारते, पक्ष्यांतलं कुनाला काय कळतं.”